सल्ला सांगणे आणि सल्ला पोहोचणे

भाताची आवणी सुरू होण्यापूर्वी गावातील मारुतीच्या देवळात सभा भरते. युरिया-डीएपी खताच्या गोळ्या खाचरात कशा खोचाव्यात, हे विस्तार कार्यकर्ता तासभर समजावून सांगतो. शेवटी ‘समजले ना?’ असे विचारताच सर्वजण माना डोलावतात व सभा संपते. पंधरवड्यानंतर तोच कार्यकर्ता बांधाबांधाने फिरू लागतो तेव्हा त्यास निराळेच दृश्य दिसते. एका खाचरात गोळ्या साध्या खताप्रमाणे वरून फेकलेल्या असतात. दुसऱ्या घरी त्या पिशवीतच पडून असतात. तिसऱ्या शेतात गोळ्या खोचल्या आहेत, पण आवणी ओळीत नसल्याने गोळी नेमकी कोठे पडली ते कोणासच सांगता येत नाही. सल्ला एकच होता, सभा एकच होती आणि माना सर्वांनीच डोलावल्या होत्या.

अशा वेळी शेतकऱ्यांस आस्था नाही असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु थोडी विचारपूस केली की खरे कारण कळून येते. देवळातील सभेस पुरुष मंडळी आली होती आणि आवणी मात्र स्त्रियांनी केली. ज्या हातांनी गोळी खोचावयाची, त्या हातांपर्यंत सल्ला पोहोचलाच नव्हता. सल्ला सांगणे आणि सल्ला पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि विस्तारकार्याचे यश दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे.

सल्ल्याला चार पायऱ्या चढाव्या लागतात. तो प्रथम ऐकू आला पाहिजे, नंतर समजला पाहिजे, त्यानंतर पटला पाहिजे आणि अखेरीस हातून घडला पाहिजे. यांपैकी कोणतीही एक पायरी निखळली तरी वरचे सारे श्रम वाया जातात. कोणती पायरी कोठे निखळते हे मात्र समूहासमूहागणिक, व्यक्तीव्यक्तीगणिक आणि गावोगावच्या रीतीप्रमाणे बदलते. हा बदल ओळखणे हाही शेतीशास्त्राइतकाच अभ्यासाचा विषय आहे.

एक जिल्हा, अनेक बोली

बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. ठाणे जिल्ह्यात ती याहून थोड्या अंतरावर बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे सात तालुके राहिले. १८५३ साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी कल्याणास पोहोचली. तेव्हापासून या पट्ट्यात बाहेरून माणसे येत राहिली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व तिचे उल्हासनगर झाले. कारखाने आले, डोंबिवलीसारखी नोकरदारांची शहरे वाढली आणि १९८३ साली कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका स्थापन झाली.

आज डोंबिवलीहून कल्याणमार्गे माळशेज घाटाकडे निघालेला प्रवासी काही तासांत अनेक समाजांतून जातो. शहरात पुस्तकी मराठीबरोबर हिंदी, गुजराती, सिंधी व दक्षिणेकडील भाषा कानी पडतात. खाडीकाठच्या आणि शहरालगतच्या गावांत आगरी व कोळी बोली आहे. भिवंडी-कल्याणकडील कोकणी मुसलमान शेतकऱ्यांचे बोलणे आणखी निराळ्या वळणाचे आहे. मुरबाड-शहापूरच्या बाजूस कुणबी शेतकरी भेटतो, आणि डोंगराच्या कडेने ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी यांच्या वाड्या-पाडे लागतात. शहराजवळ खंडाने जमीन घेऊन पालेभाजी करणारे उत्तर भारतीय मजूरही शेतकरीच होत, आणि त्यांची भाषा हिंदी किंवा भोजपुरी असते. या सर्वांसाठी एकच हस्तपत्रक छापून एकाच पद्धतीने वाटले, तर ते सर्वांच्या हाती पडेल. परंतु सर्वांपर्यंत पोहोचेल असे नाही.

शब्द एक, अर्थ अनेक

पहिली अडचण शब्दांची असते. कृषि खाते ‘पुनर्लागवड’ किंवा ‘लावणी’ म्हणते, तर ठाण्याचा शेतकरी ‘आवणी’ म्हणतो. खात्याच्या ‘रोपवाटिके’स कोठे ‘राब’ म्हणतात, तर कोकणात अन्यत्र ‘दाढ’. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. त्यामुळे ती बोली अशुद्ध ठरत नाही. तिचे स्वतःचे नियम आहेत इतकेच. कार्यकर्त्याने ती बोली ओढूनताणून बोलण्याचे कारण नाही, कारण तशी नक्कल चेष्टेसारखी वाटते. परंतु शेतीचे शब्द त्याने गावातीलच वापरावेत. ‘आवणीच्या दिवशीच गोळी खोचा’ हे वाक्य ‘पुनर्लागवडीसमयी खतमात्रा द्या’ या वाक्याहून निश्चितच अधिक दूर जाते.

दुसरी अडचण मापांची. चारसूत्री भातलागवडीत शिफारस अशी असते की, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर, एका चुडात दोन ते तीन रोपे लावावीत, आणि चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. हे सर्व बरोबर आहे. परंतु ज्याची शेती वीस गुंठे आहे आणि ज्याच्याजवळ मोजपट्टी नाही, त्याच्या मनात या आकड्यांचे चित्र उभे राहत नाही. हेच पुढीलप्रमाणे सांगता येते. गुंठ्यास सुमारे ६३० गोळ्या व पावणेदोन किलोच्या आतबाहेर खत लागेल, म्हणजे दहा गुंठ्यांस १७ किलो. मोठे अंतर वीतभर किंवा त्याहून किंचित अधिक, लहान अंतर आठ बोटे आणि गोळीची खोली चार ते पाच बोटे. दोरीवर चुन्याच्या किंवा रंगीत चिंधीच्या खुणा करून दिल्या तर बोटे मोजण्याचेही कारण उरत नाही. अर्थ तोच राहतो, पण तो आता शेतकऱ्याच्या हाताच्या मापात आलेला असतो.

काळाचेही तसेच आहे. खाते तारखा सांगते, शेतकरी नक्षत्रे मोजतो. मृगाच्या आरंभी पेरलेले रोप आर्द्रा सरता सरता आवणीस येते, असे म्हटले की एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोप म्हणजे काय, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. नक्षत्रांच्या तारखा ठरलेल्या असतात, पाऊस मात्र ठरलेला नसतो; म्हणून नक्षत्राच्या जोडीस रोपाचे दिवस सांगण्यास विसरू नये.

तिसरी अडचण सर्वांत धोक्याची आहे. कीटकनाशकास आपण सर्रास ‘औषध’ म्हणतो. दुकानदार औषध देतो, शेतकरी औषध मारतो आणि आजारी मुलासही औषधच पाजतात. एकाच शब्दाने जीव वाचविणारी व जीव घेणारी अशा दोन्ही वस्तू ओळखल्या गेल्या, तर अजाण माणसाने सावधगिरी कोठून शिकावी? औषध थोडे अधिक झाले तर गुण लवकर येईल, रिकामी बाटली धुऊन घरात वापरली तर काय बिघडले, अशा समजुतींना हा शब्दच हातभार लावतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, आणि केवळ शब्द बदलल्याने अशा घटना टळतील असे नाही. तरीही विस्तार कार्यकर्त्याने आपल्यापुरते ‘औषध’ सोडून ‘विष’ किंवा ‘कीडनाशक विष’ असे स्पष्ट म्हणण्याचा परिपाठ ठेवावा.

डब्यावरील खुणाही शिकवाव्या लागतात. टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. ही खूण वाचता न येणाऱ्यांच्या सोयीची आहे खरी; परंतु ज्या घरी तांबडा रंग कुंकवाचा व हिरवा रंग पिकाचा आणि चुड्याचा, तेथे तो आपोआप धोक्याचा अर्थ सांगत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, हे तोंडी सांगितलेच पाहिजे. शिवाय विष विकत घेणारा एक आणि फवारणारा दुसरा असे पुष्कळदा असते. मालकास दिलेली सूचना मजुरापर्यंत पोहोचली की नाही, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे.

समूहाची रीत

प्रत्येक समूहाची निर्णय घेण्याची व मत देण्याची एक रीत असते. आगरी गावांत गावकीला महत्त्व आहे. तेथे एखाद्या प्रश्नावर उघडपणे, मोठ्या आवाजात आणि प्रसंगी कडक शब्दांत चर्चा होते. नवख्या अधिकाऱ्यास हे भांडण वाटते. वस्तुतः ती विषयात रस असल्याची खूण असते. चर्चेत ज्याने सर्वांत अधिक हरकती घेतल्या, तोच पुढे प्रात्यक्षिकासाठी खाचर देतो, असेही घडते.

डोंगराकडील ठाकूर-कातकरी वाडीवर याच्या उलट अनुभव येतो. तेथे सभेत शांतता असते. विचारलेल्या प्रश्नास ‘होय’ असे उत्तर मिळते व संभाषण संपते. ही शांतता म्हणजे अज्ञान नव्हे आणि होकारही नव्हे. सावकार, ठेकेदार व वनखात्याचा शिपाई यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा संबंध आला, त्यांच्या दृष्टीने बाहेरच्या माणसास ‘होय’ म्हणणे हा त्यास लवकर वाटेस लावण्याचा सुरक्षित मार्ग असतो. खरे मत कळावयाचे असेल तर सभेतून उठून बांधावर, नदीकाठी किंवा चुलीपाशी जावे लागते. कामाच्या ओघात, दोघा-तिघांत बसून बोलताना तीच माणसे बियाण्यासंबंधी व पावसासंबंधी बारीकसारीक माहिती सांगतात.

संबोधनाबाबतही असाच गैरसमज होतो. आगरी, कोळी आणि आदिवासी बोलींत वडीलधाऱ्यांसही ‘तू’ म्हणण्याची चाल आहे. त्यात अनादर नसतो, उलट आपलेपणा असतो. शहरात वाढलेल्या कार्यकर्त्यास ‘तू कवा आलास?’ असे कोणी विचारले, तर त्याने मन दुखवून घेऊ नये. मात्र याचा अर्थ त्यानेही वाडीवरच्या म्हाताऱ्यास ‘तू’ म्हणावे असा नाही. घरच्या माणसाचा ‘तू’ आणि अधिकाराच्या खुर्चीवरून आलेला ‘तू’ यांत फार अंतर आहे. कार्यकर्त्याने सर्वांस ‘तुम्ही’ म्हणावे आणि स्वतःस मिळालेला ‘तू’ आनंदाने स्वीकारावा. दादूस, काका, मामा, मावशी ही नाती गावाने आपण होऊन जोडली तर ती मानाची समजावीत.

काळवेळ हाही रीतीचाच भाग होय. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाच्या तोंडावर परततात. उन्हाळ्यात त्यांच्या वाडीवर घेतलेली सभा कागदोपत्री पार पडते, पण ऐकावयास घरटी एखादा वृद्धच असतो. त्यांना गाठावयाचे तर भट्टीवर जावे किंवा ती परतल्यावर पेरणीपूर्वीचे मोजके दिवस साधावेत. शहरालगतच्या गावांतील तरुण दिवसा कारखान्यात किंवा कचेरीत असतो. त्याच्यासाठी रविवार किंवा रात्रीची वेळ योग्य ठरते.

स्त्रियांकरिता निराळा विचार केला पाहिजे. आवणी, बेणणी, कापणी, बियाण्याची निवड व साठवण यांत त्यांचा वाटा मोठा असूनही देवळातील सभेत त्या मागे उभ्या राहतात किंवा येतच नाहीत. पुरुषांसमोर प्रश्न विचारणे त्यांना संकोचाचे वाटते. म्हणून आवणीच्या टोळीची जी जाणती बाई असेल तिच्याशी प्रथम बोलावे आणि प्रत्यक्ष खाचरात पाच-पन्नास चूड लावून, गोळ्या खोचून दाखवाव्यात. टोळी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. तिच्याबरोबर पद्धतही जाते. एका टोळीस नीट शिकविले म्हणजे जणू अनेक शेतांत प्रात्यक्षिक घेतल्यासारखे होते.

नकारामागील कारण

समूहाची रीत ओळखली तरी नकार येणारच. परंतु नकारही एक माहितीच असते. हळवे, लवकर पिकणारे वाण घ्यावे असा सल्ला दिला आणि शेतकऱ्याने तो मानला नाही, तर त्याची कारणे ऐकून घ्यावीत. पाऊस पुरता थांबण्यापूर्वीच पीक तयार झाले तर कापणी भिजते. बुटक्या वाणाचा पेंढा कमी मिळतो, आणि ज्याच्या दावणीला जनावरे आहेत किंवा जो पेंढा विकतो त्यास तो तोटाच. घरी तांदळाची भाकरी होत असेल तर बारीक, सुवासिक तांदळापेक्षा जाड तांदूळ बरा वाटतो. खाडीकाठी खारट जमीन असेल, तर डोंगराकडच्या खाचरात उत्तम येणारे वाण तेथे टिकत नाही. तेथे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या खार सोसणाऱ्या वाणांचाच विचार करावा लागतो. ही कारणे ऐकणारा कार्यकर्ता पुढच्या वेळी अधिक योग्य सल्ला घेऊन येतो. न ऐकणारा तोच सल्ला अधिक मोठ्याने सांगतो.

समूहात व्यक्ती असते

समूहाच्या रीती सांगताना एक धोका टाळला पाहिजे. आगरी म्हणजे बोलका आणि आदिवासी म्हणजे अबोल, अशी खूणगाठ बांधून घेतली की समोरचा माणूस दिसेनासा होतो. व्यक्ती तितक्या प्रकृती हे प्रत्येक वाडीस लागू आहे. वाडीवरही हजरजबाबी वक्ता असतो आणि गावकीतही वर्षभर तोंड न उघडणारा परंतु प्रत्येक शब्द ध्यानात ठेवणारा शेतकरी असतो. रीत ही ओळखीची पहिली पायरी समजावी, अखेरचा निष्कर्ष समजू नये.

नवी गोष्ट स्वीकारण्याच्या बाबतीत व्यक्तीव्यक्तींत किती अंतर पडते, याचा एक अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. ब्राइस रायन व नील ग्रॉस या संशोधकांनी संकरित मक्याच्या प्रसारासंबंधीचा तो अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांची माहिती घेतली. हे बियाणे सरस असूनही ते बहुतेकांपर्यंत पोहोचण्यास सुमारे बारा-तेरा वर्षे लागली, आणि पुष्कळांनी आरंभी थोड्याच जमिनीवर ते पेरून पाहिले. बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांस विक्रेत्याकडून कळली. परंतु ते पेरण्याचा निश्चय शेजाऱ्याचे पीक पाहून व त्याचे बोलणे ऐकून झाला. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली अशा अनेक अभ्यासांच्या आधारे नवकल्पनांच्या प्रसारावर ग्रंथ लिहिला व शेतकऱ्यांचे आरंभी स्वीकारणारे, विचार करून स्वीकारणारे आणि अखेरीस स्वीकारणारे असे वर्ग दाखविले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. बातमी बाहेरच्या माणसाकडून चालते, विश्वास मात्र आपल्यासारख्या माणसावर बसतो. वीस गुंठेवाला शेतकरी दहा एकरवाल्याचे प्रात्यक्षिक पाहून ‘त्याला परवडते’ असे म्हणतो व घरी जातो. म्हणून प्रात्यक्षिकासाठी नेहमी पाटलाचे किंवा सरपंचाचेच शेत निवडू नये. वाडीवरील प्रात्यक्षिक वाडीवरील माणसाच्याच खाचरात झाले पाहिजे. दुसरे असे की, उशिरा स्वीकारणारा शेतकरी मूर्ख नसतो. ज्याच्या घरी एका हंगामाचे नुकसान सोसण्याइतके धान्य नाही, त्याने सावध राहणे हेच शहाणपण होय. त्याला संपूर्ण शेत बदलण्यास न सांगता एका गुंठ्यात करून पाहण्यास सांगावे.

गाव आणि शहर

कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने दिसतो. पावसाच्या तोंडावर डोंगराकडील स्त्रिया शेवळे घेऊन येतात. शेवळ्यांत घसा खवखवविणारा अंश असतो. तो मारण्याकरिता भाजीत काकडाची फळे किंवा चिंच घालतात. विकणारी बाई शेवळ्यांबरोबर काकडही ठेवते. ठाण्यातील जुन्या घरांना त्याचा अर्थ ठाऊक असतो. परंतु बाहेरगावाहून नव्याने आलेले गिऱ्हाईक काकड नको म्हणते, भाजी साध्या पद्धतीने शिजवते आणि घसा धरला म्हणजे रानभाजीसच दोष देते. बाईने काही लपविले नव्हते. जे तिच्या घरी लहान मुलासही ठाऊक, ते दुसऱ्यास ठाऊक नसेल असे तिच्या मनात आले नाही, इतकेच.

हीच चूक विस्तार कार्यकर्ताही करतो. त्याच्या शिक्षणात ज्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, त्या तो बोलण्यातून गाळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने नेमके तेच ‘काकड’ असते. गोळी त्याच दिवशी का खोचावी, ती वरून फेकली तर काय वाया जाते, हे सांगितले नाही तर गोळी म्हणजे केवळ गोल आकाराचे खत ठरते. खोलवर चिखलात पुरलेली गोळी हळूहळू विरघळून मुळांस मिळते व पाण्याबरोबर वाहून जाणारे नत्र वाचते, एवढे एक वाक्य पुरेसे असते.

पुणे येथील प्रयोग

ऐकणे व बोलणे यांची जोड घातली तर काय होते, याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा उपक्रम केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत अशी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, लगेच त्यावर आपसांत चर्चा करावयाची आणि चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, अशी पद्धत होती. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. तीत असे दिसून आले की, केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात पुष्कळच अधिक भर पडली. यंत्र दोन्हीकडे होते. फरक चर्चेने पडला.

आज रेडिओची जागा पुष्कळ अंशी मोबाईल फोनने घेतली आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर सल्ला क्षणात शेकडो लोकांस मिळतो. परंतु ज्याच्या घरी एकच फोन आहे व तो मुलाच्या खिशात कारखान्यात गेलेला आहे, त्या घरच्या आवणी करणाऱ्या बाईस तो मिळत नाही. गटावर उमटलेली अंगठ्याची खूण आणि सभेतील डोलावलेली मान यांची किंमत सारखीच आहे. १९८९ साली इंडोनेशियात भातशेतीपासून सुरू झालेल्या आणि आता आपल्याकडेही चालणाऱ्या शेतीशाळेचे महत्त्व याकरिताच आहे. तीत शेतकरी स्वतः शेतात उतरून कीड व मित्रकीटक मोजतो आणि आपल्या तोंडाने निष्कर्ष सांगतो.

कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. सभा ठरविण्यापूर्वी हे काम प्रत्यक्षात कोणाच्या हातून होणार आहे, ते विचारावे आणि त्याच व्यक्तीस गाठावे.

२. गावात वापरले जाणारे शेतीचे शब्द, मापे व नक्षत्रे यांची यादी वहीत करून ठेवावी. बदलून जाताना ती नव्या कार्यकर्त्यास द्यावी.

३. एका भेटीत एकच गोष्ट सांगावी, तिचे कारण सांगावे आणि ती करून दाखवावी.

४. ‘समजले ना?’ असे विचारू नये. ‘उद्या खाचरात तुम्ही पहिल्याने काय कराल?’ असे विचारावे. उत्तरात चूक आढळल्यास ती आपल्या सांगण्यातील चूक समजून पुन्हा सांगावे.

५. बोलक्यांच्या सभेत गप्प बसलेल्यांस आणि गप्प सभेनंतर दोघा-चौघांस निराळे भेटावे.

६. नकार मिळाल्यास कारण विचारून लिहून घ्यावे व संशोधन केंद्रापर्यंत पोहोचवावे.

७. विषारी द्रव्यांविषयीची सूचना खरेदी करणारा, फवारणारा आणि घरातील स्त्री या तिघांसही द्यावी.

८. हंगामात पुन्हा एकदा त्याच शेतावर जावे. सल्ला पोहोचला की नाही, हे शेतच सांगते.

शेतकरी बंधुभगिनींकडूनही एक अपेक्षा आहे. न समजलेल्या गोष्टीस मान डोलावणे हा पाहुण्याचा मान नव्हे. सल्ला परवडणारा नसेल, जमिनीस मानवणारा नसेल किंवा शब्दच उमगला नसेल, तर तसे स्पष्ट बोलावे. गावच्या जमिनीची व पावसाची जी जाण पिढ्यांच्या अनुभवाने आली आहे ती कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही. ती कार्यकर्त्यास आपल्याकडूनच मिळावयाची आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा गावोगावी एक जाणता माणूस पाठवावा आणि त्याने शास्त्र व शेत यांच्यामधील अंतर कमी करावे अशी कल्पना होती. त्या माणसाची पदनामे पुढे बदलत गेली, साधनेही बदलली. अंतर कमी करण्याचे काम मात्र राहिले आहे. पुढच्या आवणीपूर्वी मारुतीच्या देवळातील सभा अवश्य भरवावी. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी खुणांची दोरी व मूठभर गोळ्या घेऊन खाचरातही उतरावे, आणि आवणीच्या बाईने स्वतःच्या हाताने पहिली गोळी बरोबर जागी खोचली म्हणजेच सल्ला पोहोचला असे समजावे.